जांभोजी : मरुभूमीतील वाणी आणि वृक्षव्रत

मध्ययुगीन भारतीय संतांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. कबीर, नानक, मीरा, दादू हे आपल्या अभ्यासकांना परके राहिलेले नाहीत. त्या मानाने पश्चिम राजस्थानच्या वाळवंटात बिश्नोई संप्रदायाची स्थापना करणारे जांभोजी यांचा परिचय मराठीत अल्पच झाला आहे. त्यांचे नाव अलीकडे ऐकू येते ते प्रायः वृक्षरक्षणाच्या संदर्भात. खेजडली गावच्या बलिदानाची कथा सर्वतोमुखी झाली, आणि त्या कथेच्या प्रकाशात तिच्या दोनशे वर्षे आधीचे जांभोजी पाहिले जाऊ लागले. हा क्रम उलटा लावून पाहणे, म्हणजे आधी जांभोजींचे जीवन, मग त्यांची वाणी, मग त्या वाणीचे समाजाने काय केले हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जांभोजींचा जन्म विक्रम संवत १५०८, म्हणजे इ. स. १४५१ मध्ये नागौर परिसरातील पीपासर या गावी झाला. तिथी भाद्रपद वद्य अष्टमीची. उत्तरेकडील पौर्णिमान्त गणनेतील ही तिथी म्हणजे आपली श्रावण वद्य अष्टमी, अर्थात गोकुळाष्टमी होय. वडील लोहटजी हे पंवार राजपूत, आईचे नाव हंसादेवी. जांभोजी हे त्यांचे एकुलते एक अपत्य. जन्मतिथी कृष्णाची आणि पुढील आयुष्यातील व्यवसाय गोपालनाचा, यामुळे त्यांना विष्णूचा अवतार मानणाऱ्या अनुयायांना चरित्राची चौकट जणू तयारच मिळाली. परंपरेने या चरित्राचे तीन भाग पाडले आहेत : सात वर्षे मौन, सत्तावीस वर्षे गुरे राखणे आणि एक्कावन्न वर्षे उपदेश. बेरीज पंचाऐंशी वर्षांची येते आणि त्यांच्या निर्वाणाच्या वर्षाशी, इ. स. १५३६ शी, ती जुळते. एवढी आखीव विभागणी चरित्रकारांच्या हातची असणार हे उघड आहे. पण तिच्यातील मधला भाग दुर्लक्षिण्याजोगा नाही.

मौनाविषयीची कथा अशी. मूल बोलत नाही म्हणून चिंतातुर झालेल्या लोहटजींनी मंत्रतंत्र जाणणाऱ्या एका ब्राह्मणास बोलावले. त्याने दिवे मांडले, पण ते काही केल्या पेटेनात. तेव्हा बालकाने कच्च्या सुताने आणि न भाजलेल्या मडक्याने विहिरीतून पाणी काढले, ते दिव्यांत घातले आणि दिवे पेटले. त्याच प्रसंगी त्याच्या मुखातून पहिला सबद निघाला, असे संप्रदाय मानतो. मुक्या बालकाच्या मुखी अकस्मात ज्ञान प्रकटणे हा संतचरित्रांतील परिचित प्रकार आहे. येथे लक्षणीय आहे ती चमत्काराची सामग्री. ज्या प्रदेशात विहीर खणणे हे पिढीचे काम ठरते, तेथे दैवी सामर्थ्याचा पहिला पुरावा पाण्यानेच दिला जावा, हे त्या भूमीला धरूनच आहे.

पुढील सत्तावीस वर्षे जांभोजींनी गुरे चारली. या काळाविषयी कथा थोड्या आहेत. त्यांतील एक मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावी अशी आहे. मेडत्याचा राव दूदा संकटकाळी पीपासरला आला असता विहिरीवर गुरांना पाणी पाजणारा हा गोपाळ त्याने पाहिला. जांभोजींनी त्याला कैराच्या लाकडाची तलवार दिली आणि तिच्या बळावर त्याचे गेलेले राज्य परत आले, असे सांगतात. हा दूदा मीराबाईचा आजोबा. या भेटीला आधार आहे तो सांप्रदायिक कथेचाच, आणि तिच्यावरून मीरेच्या भक्तीवर जांभोजींचा प्रभाव सिद्ध करणे घाईचे होईल. मात्र राठोडांची राज्ये नुकती आकारास येत होती, जोधपूर १४५९ मध्ये आणि बिकानेर १४८८ मध्ये वसले, आणि त्याच दशकांत एक गुराखी त्याच भूमीवर वेगळ्या प्रकारची सत्ता उभारीत होता, ही समकालीनता ही कथा अचूक टिपते.

आईवडिलांच्या निधनानंतर जांभोजींनी घरदार सोडले आणि समराथळ नावाच्या वाळूच्या टेकाडावर वास्तव्य केले. मारवाडीत अशा टेकाडास धोरा म्हणतात. संवत १५४२ मध्ये, म्हणजे इ. स. १४८५ च्या सुमारास, त्या भागात मोठा दुष्काळ पडला. वाळवंटातील शेतकऱ्याचा दुष्काळातील मार्ग ठरलेला असे : गुरे हाकीत माळव्याकडे वा सिंधकडे निघायचे, आणि जे जगतील त्यांनी पावसाळ्यानंतर परतायचे. जांभोजींनी लोकांस धान्य पुरवून थांबवून धरले, असे परंपरा सांगते. पाऊस पडल्यावर, कार्तिक वद्य अष्टमीस, त्याच धोऱ्यावर कलश मांडून त्यांनी मंत्रविलेले जल दिले. या जलास पाहळ म्हणतात, आणि ते घेणे हीच संप्रदायाची दीक्षा. चुलते पूल्होजी हे पहिले दीक्षित मानले जातात. आलेल्यांत जाट शेतकऱ्यांचा भरणा मोठा होता. इतर जातींतूनही लोक आले. पाहळ घेतल्यावर ते बिश्नोई झाले. या शब्दाची लोकमान्य व्युत्पत्ती वीस आणि नऊ अशी, म्हणजे एकोणतीस नियम पाळणारा तो बिश्नोई. दुसरी व्युत्पत्ती शब्दाचा संबंध विष्णूशी लावते.

हे एकोणतीस नियम नीट पाहिले पाहिजेत. प्रसूतीनंतर तीस दिवसांचे सुतक आणि ऋतुकाळी पाच दिवसांचे वेगळेपण यांनी यादीचा आरंभ होतो. पहाटेचे स्नान, शील, संतोष, शुचिता, दोन वेळची संध्या, सायंकाळची आरती आणि विष्णुगुणगान, नित्य होम हे पुढे येतात. चोरी, निंदा, असत्य आणि वाद वर्ज्य आहेत. अमावास्येचा उपवास आहे. अफू, तंबाखू, भांग, मद्य आणि मांस यांचा निषेध आहे. निळे वस्त्र वापरू नये असे आहे. जीवांवर दया करावी आणि हिरवे झाड तोडू नये, हा नियम या सर्वांच्या ओळीत बसतो. त्याच्याशी आणखी दोन नियम जोडलेले आहेत : बैलाचे खच्चीकरण करू नये, आणि बोकडमेंढ्यांसाठी असा कळप राखावा की ज्यातील जनावर खाटकाकडे जाणार नाही. या शेवटच्या व्यवस्थेस अमर थाट असे नाव आहे. एक नियम तर विशेष मार्मिक आहे. पाणी आणि दूध गाळून घ्यावे, सरपण झाडून, त्यातील किडामुंगी काढून मगच चुलीत घालावे, आणि बोलणेही तसेच पारखून बोलावे, असे तो सांगतो. पाणी, दूध, सरपण आणि वाणी यांना एकाच क्रियापदाखाली आणणारी ही दृष्टी जांभोजींच्या शिकवणुकीचे मर्म आहे. परिसराविषयीची दया तिच्यात वेगळ्या तत्त्वज्ञानाच्या रूपाने येत नाही. चुलीपाशी, विहिरीपाशी आणि तोंडात येणाऱ्या शब्दापाशी जी सावधानता पाळायची, तिचाच तो भाग आहे.

ही यादी आज ज्या पद्यरूपात पाठ केली जाते ते रूप शिष्यपरंपरेने ऊदोजी नैण यांच्या नावावर घातले आहे. तिच्यातील एक शब्द इतिहासाच्या दृष्टीने बोलका आहे, तो म्हणजे तंबाखू. ही वनस्पती अमेरिकेतील. ती पोर्तुगीजांच्या मार्गे भारतात आली आणि उत्तरेत तिचा प्रसार सतराव्या शतकाच्या आरंभापासून झाला. जांभोजींचे निर्वाण १५३६ चे. तेव्हा १४८५ मध्ये समराथळच्या धोऱ्यावर तंबाखूचा निषेध झाला असण्याचा संभव नाही. यावरून सर्वच नियम उत्तरकालीन ठरविणे योग्य नव्हे. निष्कर्ष इतकाच निघतो की ही यादी जिवंत होती, नवे व्यसन आले तसा तिने त्याचा समावेश केला, आणि संस्थापकाच्या अधिकाराने केला. धर्मसंहिता अशाच वाढतात.

मग खुद्द जांभोजींची वाणी कोठे शोधायची? ती सबदवाणीत. आज प्रचलित असलेल्या संहितेत एकशेवीस सबद आहेत. भाषा जुनी मारवाडी. रचना गेय पदांसारखी बांधीव नाही, ती बोलीच्या लयीत, प्रश्नांच्या माऱ्याने पुढे जाते. बहुतेक सबद कोणास तरी उद्देशून आहेत : कोणी काजी, कोणी नाथजोगी, कोणी राजा, कोणी शेतकरी. लोखंडी लंगोट घालणाऱ्या लोहापांगळ नामक जोग्याला केलेला उपदेश प्रसिद्ध आहे. दिल्लीच्या सिकंदर लोदीचे नावही या कथांत येते. प्रत्येक सबदासोबत तो कोणत्या प्रसंगी उच्चारला गेला याची गद्यपद्य कथा सांगण्याची प्रथा आहे, आणि तिला प्रसंग असेच म्हणतात. मराठी अभ्यासकास येथे महानुभावांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. केशिराजांनी चक्रधरांची वचने लीळांतून वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. पण सूत्र एकटे उभे राहिले की अर्थ निसटतो, म्हणून ते कोठे, कोणास, का निरूपिले हे सांगणारे प्रकरणवश निर्माण झाले. दोन्ही परंपरांत वचन आणि प्रसंग यांचे नाते सारखे आहे, आणि दोन्हींत अहिंसा हा आचाराचा कणा आहे. एक भेदही आहे. महानुभावांची अहिंसा प्रथमतः संन्याशाच्या आचाराला घडविते. जांभोजींची अहिंसा नांगर धरणाऱ्या गृहस्थासाठी आहे. शेती करणाऱ्याने, गुरे पाळणाऱ्याने, सरपण जाळणाऱ्याने ती कशी पाळावी हा तिचा प्रश्न आहे.

वृक्षांविषयी सबदवाणीत काय आहे, हे पाहिले असता एक उद्बोधक गोष्ट आढळते. एका सबदात जांभोजी हिंदू म्हणविणाऱ्यास जाब विचारतात, की सोमवारी, अमावास्येस आणि रविवारी तू वनस्पती का तोडतोस. म्हणजे तेथे निषेध पवित्र दिवसांशी निगडित आहे. यादीतील नियमाला मात्र दिवसाचे बंधन उरलेले नाही. हिरवे झाड कधीच तोडायचे नाही. या दोहोंत किती काळ गेला हे सांगता येणार नाही, पण दिशा स्पष्ट आहे. व्रताच्या दिवसांपुरती असलेली गोष्ट साऱ्या आयुष्याचे व्रत झाली. याच्या जोडीला स्थळाचाही विचार करावा. राजस्थानात ओरण आणि महाराष्ट्रात देवराई या संस्था पूर्वापार आहेत. तेथे झाड सुरक्षित असते ते देवाच्या हद्दीत आहे म्हणून. हद्दीबाहेर कुऱ्हाड मोकळी असते. बिश्नोईंच्या नियमाने ही हद्द पुसली. शेताच्या मधोमध उभे असलेले झाडही देवराईतल्या झाडाइतकेच अवध्य झाले.

हे झाड मुख्यतः खेजडीचे, म्हणजे आपल्याकडील शमीचे किंवा सौंदडाचे. तिची मुळे फार खोल जातात. तिच्या भोवती बाजरीचे पीक मरत नाही, उलट सुधारते, कारण शेंगवर्गीय असल्याने ती जमिनीला नत्र देते. तिचा पाला उंट, शेळ्या आणि गाई खातात, कोवळ्या शेंगांची, सांगरीची, भाजी होते. संवत १९५६ च्या, म्हणजे इ. स. १८९९-१९०० च्या, छप्पनिया नावाने कुप्रसिद्ध असलेल्या दुष्काळात लोकांनी तिची साल दळून खाल्ली. नियमाने तोडणे वर्ज्य केले तरी हिवाळ्यात फांद्या छाटून पाला घेणे चालू राहिले, आणि वाळलेले लाकूड उपयोगात येत राहिले. उपभोग येथे थांबविलेला नाही, त्याला मर्यादा घातली आहे. मृतांना दहन न करता पुरण्याची बिश्नोईंची चालही सरपण वाचविण्यासाठी पडली असे सांगितले जाते. प्रचलित एकोणतीस नियमांत मात्र तिचा उल्लेख नाही.

जांभोजींनी आयुष्याचा उत्तरार्ध भ्रमणात घालविला. फलोदीजवळ त्यांनी खोदविलेले तळे जांभोळाव म्हणून तीर्थ झाले. तेथे येणारे यात्रेकरू तळ्यातील गाळमाती काढतात, म्हणजे तीर्थयात्रेतच तळ्याची निगा राखली जाते. नागौरकडील रोटू गावची खेजडीची झाडे आणि दूर मुरादाबादजवळील लोदीपूरची खेजडी त्यांच्या नावाशी जोडलेली आहेत. संवत १५९३ च्या मार्गशीर्ष वद्य नवमीस, इ. स. १५३६ मध्ये, लालासर येथे त्यांनी देह ठेवला. समराथळजवळच तालवा येथे त्यांची समाधी बांधण्यात आली. त्या स्थळास मुकाम म्हणतात. अखेरचा मुक्काम, असा त्याचा अर्थ. फाल्गुन आणि आश्विन अमावास्येस तेथे मेळे भरतात.

संस्थापकाच्या मृत्यूनंतर बहुतेक पंथ शिथिल होतात, आणि बिश्नोईही त्याला अपवाद नव्हते. त्यांना पुन्हा शिस्तीत आणले ते वील्होजींनी (१५३२-१६१६). कथा औतारपात हे जांभोजींच्या जन्माचे आख्यान त्यांचेच. वील्होजी, केसोजी, सुरजनदासजी या कवींनी साखी हा प्रकार वाढविला. जम्मा नावाच्या रात्रजागरणात या साख्या गायिल्या जातात. त्यांत एक नवा विषय आला, तो झाडांसाठी प्राण देणाऱ्यांचा. १६०४ च्या सुमारास करमा आणि गौरा या दोन स्त्रियांनी खेजडीसाठी प्राण दिल्याची स्मृती साखीनेच जपली. म्हणजे खेजडलीच्या शंभरेक वर्षे आधी जागरणाला बसलेली मुलेबाळे अशी गाणी ऐकत वाढत होती. खेजडलीची घटना समजून घ्यायची तर हे श्रवण लक्षात घ्यावे लागते.

ती घटना संवत १७८७ च्या भाद्रपद शुद्ध दशमीची, इ. स. १७३० मधील. जोधपूरचा महाराजा अभयसिंह याच्या नव्या बांधकामासाठी चुन्याच्या भट्ट्यांना लाकूड हवे होते. गिरधर भंडारी या अधिकाऱ्याची माणसे जोधपूरजवळच्या खेजडली गावी आली. अमृतादेवी झाडाला बिलगली आणि मारली गेली. मागोमाग तिच्या तीन मुली. भोवतालच्या गावांतून बिश्नोई येत गेले आणि एकामागून एक प्राण देत गेले. मृतांची संख्या तीनशे त्रेसष्ट सांगतात. अखेरीस राजाने तोड थांबविली आणि बिश्नोई गावांत झाड तोडण्यास व शिकार करण्यास मनाई करणारा ताम्रपट दिला, अशी परंपरा आहे. हाच अभयसिंह त्या सुमारास गुजरातचा सुभेदार झाला आणि १७३२ मध्ये डाकोर येथे त्याच्याच माणसांनी पिलाजी गायकवाडांचा घात केला. मराठी वाचक त्याला ओळखतो तो या दुसऱ्या घटनेमुळे. राजकीय इतिहासाने त्याची सुभेदारी नोंदविली. साखीने त्याच्या चुन्याच्या भट्ट्या लक्षात ठेवल्या.

जांभोजींना पर्यावरणवादाचे आद्य प्रवर्तक म्हणण्याची आज प्रथा आहे. त्यामागील कृतज्ञता समजू शकते, परंतु अभ्यासकाने जपून पुढे जावे. त्यांच्यासमोर निसर्ग नावाची स्वतंत्र कल्पना होती असे वाणीवरून दिसत नाही. विष्णू होता, जीव होता, आणि दुष्काळ होता. यादीतील ऋतुकाळाविषयीचे नियम वगळून वृक्षाचा एकच नियम उचलणे हेही सोयीचे वाचन होय. तो नियम टिकला तो उरलेल्या अठ्ठावीस नियमांनी बांधलेल्या समाजामुळे. काळवीट आणि चिंकारा निर्भयपणे ज्या शेतांत चरतात ती शेते धाक बसवून राखलेली नाहीत. नुकसान सोसण्याची तयारी तेथे पिढ्यान्पिढ्या अंगवळणी पडली आहे. या राखणीमुळे शिकारीवर जगणाऱ्यांशी बिश्नोईंचा संघर्ष होत आला, हीही याच इतिहासाची एक बाजू आहे.

या परंपरेच्या हस्तलिखितांचा व्यापक शोध हीरालाल माहेश्वरी यांनी घेतला, आणि १९७० मध्ये त्यांचा दोन खंडांतील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेव्हापासून खेजडीला मोठी प्रतिष्ठा मिळाली आहे. १९८३ मध्ये ती राजस्थानचा राज्यवृक्ष झाली, अमृतादेवीच्या नावाने पुरस्कार सुरू झाले, १९९५ मध्ये हिसारला गुरू जंभेश्वरांच्या नावाचे विद्यापीठ निघाले. पंजाबातील अबोहर अभयारण्य तर तेरा बिश्नोई गावांच्या खाजगी शेतजमिनींचेच बनलेले आहे. आणि तरीही अलीकडच्या वर्षांत बिकानेर भागात सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठी खेजड्या तोडल्या जाऊ लागल्या तेव्हा बिश्नोईंना पुन्हा आंदोलनास बसावे लागले. या वेळी कुऱ्हाडीमागे राजाचा वाडा नव्हता. पर्यावरणाचे हित सांगणारी योजनाच होती. जांभोजींच्या नियमात अशा हेतूंची तुलना करून सूट देण्याची सोय नाही. हिरवे झाड कोणत्या कारणासाठी तोडायचे हे तो विचारीतच नाही. आधुनिक विचारास ही त्याची मर्यादा वाटेल. संप्रदायाला हेच त्याचे बळ वाटत आले आहे, आणि वाळवंटात आज उभ्या असलेल्या खेजड्या पाहता त्यांचे म्हणणे सहज बाजूस सारता येत नाही.

सबद, नियमांचे पद्य, साखी आणि ताम्रपट अशा चार रूपांतून एका गुराख्याचे वचन अडीचशे वर्षांत समाजाचा कायदा झाले. भारतीय भाषांतील संतवाणीचा अभ्यास आपण बहुधा काव्य म्हणून करतो आणि तिच्या आचाररूपाचा विचार समाजशास्त्राकडे सोपवितो. जांभोजींच्या बाबतीत ही वाटणी चालत नाही. अमावास्येच्या होमात एकशेवीस सबदांचे पठण होते, आणि त्यानंतर पक्ष्यांसाठी आणलेले धान्य अंगणात पसरले जाते. सबदवाणीचे वाचन करणाऱ्याने हे धान्यही तिच्या पाठाचा भाग म्हणून वाचले पाहिजे.